दहा वर्षांची तांबी

औषधवाल्याने रिकामा डबा उघडला, तळाला चिकटलेली भुकटी बोटावर घेऊन हुंगली आणि म्हणाला, "ही अ‍ॅसिडिटीची नाही हो, ताई."

"अहो, डब्यावर लिहिलंय की," ती म्हणाली. "रोज सकाळी घेतात आमच्याकडे. अर्धा पेला पाण्यात एक चमचा."

"डबा अ‍ॅसिडिटीचाच आहे. आत दुसरं भरलंय. कोण घेतं?"

तिने सांगितलं. चौकापलीकडच्या अकरा मजली कचेरीत लिफ्टमन आहेत, ते. तीन दिवस तापाने अंथरुणात आहेत, त्यांची पावडर संपलेली दिसली, म्हटलं ते झोपलेत तोवर आपणच आणावी. या दुकानाची पिशवी घरात असते, त्यावरून विचारत आले. औषधवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "लिफ्टमनसाहेबांच्या घरून होय," असं म्हणून तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघांकडे त्याने एक नजर टाकली आणि फळीवरून एक खोका काढून तिच्यापुढे पालथा ठेवला. आता पालथा ठेवलेला खोका कुठली बाई सुलटा करणार नाही? वर चित्र होतं. एक पुरुष, एक बाई, आणि दोघांच्या मध्ये गुटगुटीत मूल, तिघंही दात दाखवून हसताहेत. "पुरुषांसाठी असतं हे," तो आवाज उतरवून म्हणाला. "माझे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून नेतात. नऊ वर्षं झाली असतील. धीर धरा ताई, एखाद्याला उशिरा गुण येतो." नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मागचे दोघे कान टवकारून उभे होते. "द्या," ती म्हणाली.

बसथांब्यापर्यंत ती चालली आणि तिथल्या बाकावर बसली. बसा येत होत्या, जात होत्या. नऊ वर्षं. रोज सकाळी भांड्यांच्या फळीपाशी पाठमोरा उभा राहून तिचा नवरा चमचा ढवळायचा, डोळे मिटून घटाघटा प्यायचा, आणि नंतर तोंड असं करायचा की तिला हसू आवरायचं नाही. "जगाला वरखाली करता, आणि तुमच्या पोटातलं आंबट तेवढं वरच येतं," असं ती म्हणायची. हा विनोद तिने नऊ वर्षं केला. एखाद्या दिवशी विसरली तर तोच आठवण करून द्यायचा, "आज काही बोलली नाहीस माझ्या आंबटावर?" आणि हसायचा. तो कशाला हसत होता मग? तिला आठवेना की त्याला कधी खरोखर छातीत जळजळलं होतं. तिखट खायचा, शिळं खायचा, उभ्याउभ्या जेवून कामावर पळायचा. दगड पचवेल असं पोट त्याचं. एवढं साधं तिच्या लक्षात येऊ नये? पण आपल्या घरातलं माणूस रोज डोळ्यांसमोर वावरत असलं की त्याच्याकडे बघायचंच राहून जातं. आणि तिने तर जाणूनबुजून बघणं टाळलं होतं, कारण त्या विषयाच्या आसपास फिरकणारं काहीही तिला नको होतं. चोराच्या मनात चांदणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा तो बिचारा औषधवाल्याकडे खेटे घालत राहिला, आणि कारण त्याच्या शेजारी, त्याच चादरीखाली झोपत होतं.

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. पंधरा वर्षं कॉलरीच शिवल्या तिने. बाकीचा शर्ट कसा जोडतात ते तिला अजून धड ठाऊक नाही. दोन तुकडे, मध्ये ताठपणासाठी बकरम, उलट्या बाजूने शिलाई, कोपऱ्याशी जादाचं कापड कातरायचं, मग सगळं उलटवून कात्रीच्या टोकाने आतून कोपरा बाहेर ढकलायचा. जोर जास्त झाला की टोक फाटतं, कमी पडला की कोपरा बोथट राहतो. एकीने शिवलेलं पुढचीच्या हातात जायचं, अशा एकोणीस जणी रांगेत, आणि सगळ्यांच्या डोक्यावर घड्याळबाई. ही सुपरवायझर, माणसाशी बोलतानासुद्धा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची म्हणून तिला ते नाव पडलं होतं. लग्नानंतर कॉलरबाई पहिल्यांदा कामावर आली तेव्हा घड्याळबाईने तिला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हती हो. "कायम करायच्या यादीत तुझं नाव घालतेय," ती म्हणाली. "दोन वर्षं तेवढी काही गडबड करू नकोस. एकीचं मशीन बंद पडलं की अठरा जणी हात चोळत बसतात, आणि साहेब मला विचारतात." गडबड म्हणजे काय ते सगळ्या जणी जाणून होत्या. काज करणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण, तिने ती गडबड केली होती. सातव्या महिन्यात तिला दोरे कापायला बसवलं, बाळंत होऊन आल्यावर पुढच्या महिन्यात ये म्हणाले, आणि ते पुढचे महिने वर्षभर पुढेच गेले. शेवटी परत घेतलं ते रोजंदारीवर, नव्याने. "माझं पोर दूध मिळालं की गप्प बसतं," काजेवाली म्हणायची, "घड्याळबाईला काय पाजावं ते अजून कळलं नाही." सगळ्या हसायच्या. कॉलरबाईही हसली होती आणि हसता हसता मनाशी ठरवून मोकळी झाली होती.

ठरवणं सोपं होतं, पण करायचं कसं? गोळ्या मिळतात हे माहीत होतं. पण गोळ्या ठेवायच्या कुठे? एक खोली. तीत सासूबाई, कॉलेजला जाणारा दीर, तो आणि ती. त्या खोलीत सासूबाईंच्या हाताखालून न जाणारी वस्तू नव्हती. डाळीच्या डब्यात लपवावं तर त्या मुंग्या बघायला डबा उपसायच्या, उशीत लपवावं तर उशी उन्हात पडायची, पेटीत लपवावं तर दिराला पेटीतलंच काहीतरी हवं असायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं म्हणून एक कपाट नाही तरी एखादा कप्पा मिळेल. एक खिळा मिळाला, पिशवी अडकवायला. आणि त्या पिशवीतसुद्धा सुट्टे पैसे शोधायला सगळे हात घालायचे. नवऱ्याला सांगावं, दोघांनी मिळून काही ठरवावं, हे तर सुचलंसुद्धा नाही. सुचून बोलणार कधी? सासूबाई दीड हातावर झोपायच्या आणि त्यांची झोप पाखराची. पहाटे त्या नळावर रांग लावायला जायच्या, दीर अभ्यासाला मित्राकडे असायचा, तेवढी काय ती घटका या दोघांची. ती घटका बोलण्यात घालवायला दोघांपैकी कोणीच तयार नसायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. नर्सबाई वहीतून मान वर न काढता म्हणाली, "गोळ्या आल्या नाहीत. इंजेक्शन मागच्या आठवड्यात संपलं. तांबी आहे, बसवू?" एवढीच निवड. पण कॉलरबाईला एकदम हलकं वाटलं. तांबी म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू, एकदा गर्भपिशवीत बसली की कोणाला दिसायची नाही, कोणाच्या हाताला लागायची नाही. साऱ्या घरात लपवायला जागा नव्हती, तर तिच्या अंगातच होती. "दहा वर्षं चालते," नर्सबाई म्हणाली आणि फॉर्म पुढे केला. त्यावर नवऱ्याची सही हवी होती. ती कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली, आणि बाजूच्या बाईकडून पेन मागून त्याचं नाव लिहिलं. पहिल्यांदाच लिहीत होती, म्हणून जपून, वळणदार लिहिलं. परतताना नर्सने दिलेलं कार्ड तिने बारीक फाडून गटारात टाकलं. तारीख लक्षात ठेवायला कार्ड कशाला लागतं?

दोन वर्षांनी काढायची होती. देवाशपथ काढायची होती. पण दोन वर्षांनी ती कायम झाली तेव्हा दिराचं शेवटचं वर्ष होतं आणि त्याची फी तिच्या पगारातून जायची. दीर नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेला तोवर सासूबाईंच्या डोळ्यांत पडदे आले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि कचेरीत बटणाच्या लिफ्टा बसल्या. लिफ्टमनला दरवाजाशी खुर्ची दिली आणि पगार अर्धा केला. लिफ्टमन हे नाव तेवढं राहिलं. दर वेळी ती म्हणायची, हे एवढं निस्तरलं की. भिजत घोंगडं पडून राहिलं. आणि तिला एक आधार होता, ज्याविषयी तिने कोणाला कधी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे सांगायचं. दहा वर्षं चालते म्हणजे दहा वर्षांनी बंद पडते, असा तिचा हिशेब. कारखान्यात सुईला मुदत, पट्ट्याला मुदत, तेलाला मुदत. मुदत संपली की वस्तू कामातून गेली. तशी ही जाईल, आपोआप विरेल, आणि एके दिवशी जे व्हायचं ते होईल. कोणाला काही सांगायला नको, कोणाचं तोंड बघायला नको. सुंठीवाचून खोकला जाणार. छत्तिसाव्या वर्षी दहा वर्षं भरली त्या दिवशी तिने एकटीने, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, जादा साखरेचा चहा घेतला. काजेवालीने विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाली, "उगाच."

आणि मग ती वाट बघायला लागली. एक महिना, दोन महिने, वर्ष, सव्वादोन वर्षं. पाळीला चार दिवस उशीर झाला की मशीनवर बसल्या बसल्या ती बोटांवर दिवस मोजायची. आणि हेच आता बाकावर बसून तिला सहन होईना: त्या सव्वादोन वर्षांत ती त्याच्याकडे संशयाने बघत होती. तो झोपला की त्याच्या पाठीकडे बघून मनात म्हणायची, माझ्या बाजूने तर आता काही नाही, मग यांच्यातच काही असेल का? एकदा तो म्हणाला, चल, आपण दूर कुठेतरी चार दिवस जाऊन येऊ. ती फणकारली, "जाऊन काय होणार आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन चमचे घातले होते का त्या पेल्यात? घातले असतील.

आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात बायकांची तपासणी झाली. तरुण डॉक्टरीण होती. पडद्याआड तिने तपासलं आणि सहज म्हणाली, "तांबी कधीची आहे? बदलायला हवी होती ना." कॉलरबाई म्हणाली, "ती अजून आहे?" डॉक्टरणीला प्रश्नच कळला नाही. अगदी गोड बोलून तिने समजावलं, की ती आपोआप कुठे जात नाही, मुदत झाली तरी बरीच वर्षं काम करत राहते, काढावी लागते. पाच मिनिटांचं काम. खरंच पाच मिनिटांत तिने काढली आणि स्टीलच्या ताटलीत टाकली. एवढीशी, काळवंडलेली. "मूल हवंय का?" डॉक्टरणीने विचारलं. कॉलरबाई म्हणाली, "वय अडतीस." "प्रयत्न करा की," ती म्हणाली. केला प्रयत्न. चार महिने पाळी मागेपुढे झाली आणि पुढचे चार महिने आलीच नाही. ती धावत त्याच डॉक्टरणीकडे गेली, तिने रक्त तपासलं, आणि या वेळी गोड न बोलता नुसता तिच्या हातावर हात ठेवला. काही जणींची पाळी लवकर जाते म्हणे.

सासूबाईंचं वागणं तिला उमगलं ते समोरून एक बस सुटत असताना. पहिली चार वर्षं म्हातारीने तिला धारेवर धरली होती. नळावरच्या बायका काय बोलतात ते येऊन ऐकवायची, लहान पोरं दिसली की सुस्कारे टाकायची. पोराला दुसरी बघावी का, अशी कुजबुजही एकदा हिच्या कानावर आली होती. आणि मग पाचव्या वर्षी म्हातारी एकाएकी निवळली. सकाळचा पहिला चहा सुनेला द्यायला लागली. नळावर कोणी तोंड उघडलं तर पदर खोचून भांडायला लागली. कॉलरबाईला वाटलं, माझा पगार घरात येतो ते उशिरा का होईना कळलं. चार वर्षांपूर्वी म्हातारी गेली, जायच्या आधी तिने सुनेचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माझ्या पोराला सांभाळून घेतलंस. दुसरी असती तर केव्हाच सोडून गेली असती." तिला वाटलं होतं, हे त्याच्या अर्ध्या पगाराबद्दल. ती रडली होती, आणि आपल्याला कोणी इतकं चांगलं म्हणतंय याचं तिला बरंसुद्धा वाटलं होतं.

आता मात्र सांगायचं. ती उठली. खोका पिशवीत खाली घातला, वर रुमाल टाकला, आणि चालता चालता शब्द जुळवायला लागली. तुमच्यात काही दोष नाही. कधीच नव्हता. मी तांबी बसवली होती. हे तीनच तुकडे, त्याच्या पुढे काही बोलायचं नाही. नोकरी, फी, डोळे, काही नाही, कारण तेवढंच सांगत बसलं तर ते सारवासारव वाटेल. तो ओरडेल. तो कधी ओरडत नाही, पण ओरडला तर बरं. जा म्हणाला तर काजेवालीकडे जायचं. पण उद्या सकाळी त्या फळीपाशी उभा राहून त्याने ते प्यायचं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना तिने एकदाही न थांबता चढला.

तो उठून बसला होता. चादर खांद्यावर ओढून, भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून. गाल तापाने लाल. फळीवर जिथे डबा असायचा ती जागा मोकळी होती, आणि ती त्याने बघितली होती.

"दुकानात गेली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"सांगितलं त्याने?"

"सांगितलं." तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, मला तुम्हाला एक..."

"थांब. आधी मला बोलू दे. तापाने जरा धीर आलाय, उतरला की जाईल." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "आई दुसरीचं बोलायला लागली होती. तुला माहीत नसेल."

"माहीत आहे."

"रोज तेच. पोरगी बघून ठेवलीय म्हणाली. काय बोलावं सुचेना, म्हणून बोलून गेलो, आई, दोष तिच्यात नाही, माझ्यात आहे, डॉक्टरने सांगितलंय. कसला डॉक्टर न कसलं काय. तोंडाला आलं ते बोललो. आईने पुन्हा दुसरीचं नाव काढलं नाही."

ती उभीच होती. तो चादरीचा काठ बोटांनी चुरगाळत होता.

"मग मला वाटायला लागलं, खरंच असेल तर? बोललो ते खरंच असेल. म्हणून ती पावडर सुरू केली. औषधवाल्याचा बाप म्हणाला, तपासून घ्या, साधी तपासणी असते. दारापर्यंत जाऊन आलो गं दोनदा. नाही केली. माझ्यात काही नाही असं निघालं असतं, तर मग..." त्याने चादरीचा काठ सोडला. "मग तुझ्यात निघालं असतं. त्यापेक्षा म्हटलं असू दे माझ्यात. मला चालतंय. मी काय, दरवाजाशी बसणारा माणूस. पण तुझं वाटोळं झालं ना त्यात. तू दुसऱ्या कोणाकडे असतीस तर दोन-तीन पोरं असती तुझी. मी सांगितलं असतं तर तू गेली असतीस, म्हणून सांगितलं नाही. नऊ वर्षं तुला फसवलं. आणि तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस मला."

तिने जुळवून आणलेले शब्द तोंडात तसेच होते. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. आता बोलायचं. तुमच्यात काही दोष नाही. पण तो दोष त्याने तिच्यासाठी उचलला होता, नऊ वर्षं रोज सकाळी प्याला होता, आईला मरेपर्यंत त्यावर सांभाळलं होतं. तो काढून घेतला तर त्या माणसाच्या हातात उरणार काय? असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली. त्याच्या डोळ्यांत तिच्याबद्दल जे होतं ते एका वाक्याने जाणार होतं, आणि ते गेल्यावर कसं जगायचं हे तिला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ती कॉलरीची टोकं काढत आली, आतून हलका जोर लावायचा एवढंच तर काम. पण तिने नुसती त्याच्या खांद्यावरची चादर नीट केली.

"तू काहीतरी सांगणार होतीस," तो म्हणाला.

"काही नाही."

"रागावलीस?"

"नाही हो."

"रागावलीस तरी चालेल. पण एकदा तोंडाने सांग."

"काय सांगू?"

"माफ केलं म्हणून."

तो वाट बघत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली आणि नळ बंद झाला, तरी तो वाट बघत होता.

"केलं," ती म्हणाली. "केलं माफ. झोपा आता."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. तिचं मनगट धरून तो आडवा झाला, रडला थोडा, आणि मग त्याला झोप लागली. हळूहळू त्याच्या कपाळावर घाम आला. ताप उतरत होता. तिने मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने फडकं घेऊन ती त्याचं कपाळ पुसत राहिली.